तिसरा ठोका

किसन मिस्त्री रिकाम्या गाडीला विचारून काम करायचा.

म्हणजे असं बघा. बॉनेट उघडलेलं, मिस्त्री कंबरेपर्यंत आत, बाहेर नुसती खाकी चड्डी आणि भेगाळलेल्या टाचा. क्याबिनमध्ये कुणी नाही. आणि बॉनेटमधून आवाज यायचा, "उस्ताद, खोलू का?" मग तो थांबायचा. नुसता नाही, कान देऊन थांबायचा. सासुरवाडीच्या दारात जावई उभा राहतो ना, आतली कडी निघायची वाट बघत, तसा. थोड्या वेळानं मान हलवायचा, "बरं" म्हणायचा, आणि पान्हा फिरायचा.

आता ह्यात वाईट काय? माणसं बैलाशी बोलतात, म्हशीशी बोलतात, माझी मामी तर पापडाशी बोलते. अडचण एकच होती. हे उस्ताद, म्हणजे महेबूब उस्ताद, वारून पाच महिने झाले होते.

पाथरीत सेलूच्या रस्त्याला माझ्या मामाचं स्पेअर पार्टचं दुकान, आणि बरोबर समोर, रस्त्यापलीकडं लिंबाखाली, हे गॅरेज. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रा आणि मधी एक खड्डा. मी मॅट्रिकला दोनदा बसलो आणि दोन्ही टायमाला तिथंच बसून राहिलो, तेव्हा आई म्हणली, बसायचंच हाय तर मामाच्या दुकानात बस. तेव्हापासून काउंटरवर. नटबोल्ट मोजायचे आणि समोरचं गॅरेज बघायचं, हीच माझी नोकरी.

माझ्या अंगात विद्या एकच, आवाज काढायची. हेडमास्तर, एसटी स्टँडवर गाड्या सांगणारा कंट्रोलर, तहसीलचा शिपाई, सगळे माझ्या गळ्यात राहायचे. पण खरा माल महेबूब उस्तादांचा. घासलेटच्या डब्यात खडे घालून हलवल्यावर जो येईल तो आवाज. "हौला हय क्या रे, येडा? लोखंड कू बी शरम आती. जरा प्यार से." एकदा बाजारात मी हे म्हणलं तर भेंडी निवडणाऱ्या त्यांच्या बायकोनं, म्हणजे चाचीनं, मागं न बघताच "हौ जी, आती" म्हणून उत्तर दिलं. उस्तादांना हे कळलं तर त्यांनी मला बोलावलं, समोर उभं केलं आणि स्वतःचा आवाज दोनदा काढून घेतला. ऐकून म्हणले, "बराबर हय. मगर मैं इत्ता नहीं बोलता."

किसन मिस्त्री झरीच्या बौद्धवाड्यातला. पंधराव्या वर्षी उस्तादांकडं आला. तो काळ असा की ह्यानं गाडीच्या पायरीला हात लावला तरी मालक ओरडायचे. उस्तादांनी त्याला पहिल्याच दिवशी उचलून क्याबिनमध्ये नेलं आणि थेट मालकाच्या शिटावर बसवलं. "इधर बैठ. दांडी पकड. जो बोलूंगा वो कर." मालक तणतणला तर उस्ताद म्हणले, मग गाडी तुमीच नीट करा. हे मिस्त्री सांगायचा तेव्हा शेवटी एवढंच म्हणायचा, "शीट लय मऊ होतं गड्या."

मिस्त्रीची बाकी येडं पण काय कमी नव्हती. कुठलीही गाडी आली की आधी रेडिएटरचं झाकण काढून बोट बुडवायचा आणि जिभेला लावायचा. डोळे मिटायचा. मग निकाल. "झरीचं पाणी हाय, मचूळ." नाहीतर, "हे गोदावरीचं, गाळ लागायलाय." एकदा बर्फाच्या कारखान्याचा ड्रायव्हर दत्तू मालकाला सांगून बसला होता की मानवतला बर्फ टाकून आलो. मिस्त्रीनं मालकासमोरच बोट चाटलं आणि म्हणला, "राणीसावरगावचं पाणी." एवढ्या लांब राणीसावरगावला दत्तूची सासुरवाडी. मालकानं दत्तूकडं बघितलं. दत्तूनं लिंबाकडं बघितलं.

"बायकोला आणायला गेलतो, शेठ."

"माझ्या बर्फावर बसवून आणलीस का?"

"न्हाई शेठ, पुढंच बसवली. मागं गार लागतंय."

मी मिस्त्रीला म्हणलं, "हे चाखायचं मला पण शिकवा की."

"तुझं डोस्कंच चाखून बघू का, सुध्या? कोरडी हीर निघंल."

उस्ताद गेल्यावर अजून एक भर पडली. गॅरेजात ग्रीसचा एक पालथा डबा होता, वर गोणपाट. उस्ताद त्याच्यावर बसायचे. आता त्याच्यावर कुणी बसायचं नाही. एकदा तहसीलचे अव्वल कारकून उन्हातून आले आणि टेकले. मिस्त्री जीपखालूनच म्हणला, "साहेब, उठा तिथून."

"का बुवा?"

"उस्ताद आल्यावर कुठं बसतील?"

कारकून हसले. मग दत्तूनं त्यांच्या कानात सांगितलं, उस्ताद कुठून येणार हायत ते. कारकून उठले ते जीप तिथंच सोडून पायी कचेरीत गेले.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक गाडी होती. बर्फाच्या कारखान्याची पिकअप, दत्तू चालवायचा तीच. परदेशी बनावटीची, जुनी, धरणाच्या कामावर कुणा गोऱ्या साहेबासाठी आलेली. धरण झालं, साहेब गेला, गाडी लिलावात निघाली आणि बर्फशेठनं उचलली. कारखान्याच्या मालकाला आमी सगळे बर्फशेठच म्हणायचो. त्या गाडीला हीटर होता.

पाथरीत हीटर. ज्या गावात उन्हाळ्यात सायकलची शीट पण ओल्या फडक्यानं पुसून मग बसावं लागतं, तिथं.

त्याचं काम साधं होतं. इंजिनाचं उकळतं पाणी एका नळीनं क्याबिनकडं न्यायचं, तिथं एक छोटा रेडिएटर, त्याच्यामागं पंखा, आणि जाळीतून गरम वारं माणसाच्या अंगावर. पाणी सोडायचं का थांबवायचं ते ठरवणारा एक पितळी कॉक, इंजिनाच्या बाजूला. कॉकला एक तार, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला ड्रायव्हरपुढं एक दांडी. दांडी सरकवली की कॉक उघडायचा, परत सरकवली की बंद.

तो कॉक झिजला आणि पाणी बारा महिने आत यायला लागलं. मागं बर्फाच्या लाद्या, पुढं दत्तू शिजायलाय. बर्फ कमी वितळायचा, दत्तू जास्त. लोक म्हणले, नळी कापा, बूच मारा, पाच मिनिटांचं काम. उस्ताद ऐकेनात. "कंपनी ने दियेली चीज काट के फेकना? नक्को. आज गर्मी हय. कल थंडी आयी तो?" मग मामानं हैदराबादला पत्र टाकलं, हैदराबादवाल्यानं मुंबईला टाकलं, आणि उन्हाळ्यात मागवलेला कॉक पौषात आला. थंडी खरंच आली होती.

त्या सकाळी दोघांनी कॉक बदलायला घेतला. मिस्त्री बॉनेटमध्ये, उस्ताद क्याबिनमध्ये, इंजिन चालू. मी काउंटरवरून बघत होतो. मधी दोन गिऱ्हाइकं केली आणि परत बघतो तर मिस्त्री पण क्याबिनमध्ये जाऊन बसलेला. काचा वर. दोघं शेजारी शेजारी. मामा म्हणला, "बघ, कसे शेकायलेत." मी लगेच उस्तादांचा आवाज काढला, "आ रे किसन, शेठ के पेट्रोल पे शेक ले." मामा हसला, गिऱ्हाइकं हसली.

तासाभरानं इंजिन आपोआप बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं. इतका वेळ चाललेला आवाज एकदम थांबला तो कानाला कसातरीच लागला, म्हणून आमी रस्ता ओलांडून गेलो. उस्ताद गेले होते. मिस्त्री त्यांचा हात धरून बसला होता. कधी झालं, कसं झालं, एक शब्द बोलला नाही.

महिनाभर मी तो आवाज काढला नाही. मग गिऱ्हाइकं म्हणायला लागली, सुध्या, उस्ताद काढ की. काढला.

चैत्र लागला आणि दत्तू पिकअप घेऊन आला. खांद्यावर ओला टॉवेल, आणि चेहरा असा की कुणीतरी धुऊन वाळत घातलाय.

"मिस्त्री, गाडीत माणूस हाय."

"कोण?"

"ते तुमी सांगा. दांडी मी बंद करतो. दोन मैल गेलं की उघडी. मी हात लावत न्हाई, काय न्हाई. आन् शेजारचं शीट. हात ठेवून बघितला मी. उन्हानं तापतंय तसं न्हाई, माणूस आत्ता उठून गेल्यावर राहतंय तसं गरम."

मी काउंटरवरून उडी मारून आलो होतो. म्हणलं, "तुझी बायको बसली असंल."

"गप रे. आन् वाजतंय, मिस्त्री. डॅशच्या आतून. टक, टक. दोनदा. मग थांबतंय. मग मी तिसऱ्याची वाट बघत गाडी हाकायलोय."

मिस्त्री तोपर्यंत रेडिएटरचं झाकण फिरवत होता. त्याचा हात थांबला.

"किती यळा म्हणलास?"

"दोन."

"तिसरा न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना."

"बरं," मिस्त्री म्हणला. बोट बुडवलं, चाखलं आणि झाकण लावलं. हत्याराला हातच लावला नाही. दत्तू गाडी घेऊन गेला तशी परत आठ दिवसांनी आला, परत पंधरा दिवसांनी आला. दर वेळी तेच. "किती?" "दोन." "बरं."

मला वाटलं, दत्तूला ऊन लागलंय. म्हणून वैशाखात एका दुपारी मी त्याच्याबरोबर मानवतपर्यंत गेलो. रस्त्याला कुत्रं नाही. दोन्ही अंगाला काळी रानं उघडी पडलेली, आणि लांबवर हवा अशी हलायलेली की जणू जमीनच उकळायलीय. दत्तूनं माझ्यासमोर दांडी बंद केली आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. "बघ आता. बोलू नको."

मी दांडीकडं बघत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग ती सरकली. झटक्यात नाही. हळू, अर्धा अर्धा बोट, कुणीतरी समोरच्याला जाग येऊ नये म्हणून सावकाश सरकवावं तशी. जाळीतून गरम वारं माझ्या गुडघ्यावर आलं. आणि डॅशच्या आत वाजलं. टक. टक.

मग काही नाही. इंजिन चालू, चाकं चालू, पण आमी दोघं असे गप की जणू शाळेत नाव पुकारलंय आणि कुणीतरी हजर म्हणायचं राहिलंय. मी एवढा आवाजाचा माणूस, पण माझ्या गळ्यातून त्या वेळी कुणाचाच आवाज निघेना. माझा पण.

त्या आठवड्यात बर्फशेठ स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. गॅरेजात उभेच राहिले, डब्याकडं बघून बसले नाहीत.

"किसन, दत्तू गाडी सोडतो म्हणायलाय. परभणीहून दुसरा मिस्त्री बोलावलाय, सोमवारी येतोय. नळ्या कापून बूच मारणार. का तूच मारतोस?"

"बूच नगा मारू, शेठ."

"अरे पाच महिने झाले."

"काम अर्धं हाय."

"कुणाचं?"

"उस्तादाचं."

शेठनं चष्मा काढून पुसला. "किसन. माणूस गेलाय."

"माणूस गेलाय, शेठ. काम हितंच हाय की. नळी कापली तर ते कवाच पुरं व्हायचं न्हाई."

"रविवारपर्यंत," शेठ म्हणले, आणि गाडी गॅरेजातच ठेवून चालत गेले.

आता मी जे केलं ते सांगतो. का केलं ते नीट सांगता येणार नाही. गाडीतली भीती अंगातून जात नव्हती, आणि भीती वाटली की मला टवाळी सुचते. शुक्रवारी भर दुपारी मामा जेवायला गेला होता. रस्ता मोकळा. लिंबाची पानं पण हलत नव्हती. मिस्त्री पिकअपच्या बॉनेटमध्ये वाकलेला, हातात काहीच नाही, नुसता त्या कॉकवर बोट ठेवून उभा. मी अनवाणी रस्ता ओलांडला. डांबर पायाला चिकटत होतं. गाडीचं पलीकडचं दार उघडंच होतं. मी सरपटत आत शिरलो आणि शिटावर आडवा झालो.

"उस्ताद," मिस्त्री म्हणला, "आवळू का?"

मी गळा दाबून घासलेटचा डबा हलवला. "हौ रे किसन. आवळ."

मला वाटलं होतं, तो उडंल. बोंबलत पळंल. मग मी हसत बाहेर येणार, तो शिव्या देणार, आणि आठवडाभर दुकानात सांगायला गोष्ट मिळणार.

तो हललाच नाही. शांतपणे म्हणला, "आज आवाज बसलाय तुमचा. घाम आलेल्या अंगानं गार पाणी पिलात वाटतं."

मी शिटाला आणखी चिकटलो.

"चाची बऱ्या हायत, उस्ताद. डोळ्याचं औषध आणून दिलं. रोज घालत्यात का न्हाई ते मातर ठाव न्हाई. तुमची बकरी व्याली. दोन झाली. एक कानापासून सगळं पांढरं." तो थांबला. उत्तराला जागा ठेवून थांबला. मी काय करणार. उस्तादांच्या आवाजात "हं" म्हणलं. "झरीच्या पोराला ठेवून घे म्हणत होता ना तुमी, त्याला न्हाई ठेवला. मलाच काम न्हाई. म्हणजे काम हाय, पर होईना." परत थांबला. "हं," मी. शीट खालून भाजत होतं, उठता येत नव्हतं, आणि बोलणं संपत नव्हतं. उस्तादांच्या जावयाचं पत्र, चाचीच्या घरावरचा पत्रा, मशिदीजवळ कबरीवर लावलेलं झाड जगलं का नाही. पाच महिन्यांचं सगळं त्यानं सांगितलं, आणि मी हं हं करत राहिलो. शेवटी माझा तो आवाज पण फाटला.

"बरं," मिस्त्री म्हणला. "आता उतर, सुध्या. शीट तापलंय, चटका बसंल."

मी उतरलो. त्याच्याकडं बघायची हिंमत नव्हती.

"कवा कळलं?"

"पयल्याच शब्दाला. आवाज बराबर काढतोस. पर उस्ताद कामात बोलत न्हवता कवा."

"मग तुमी विचारायचा त्याला उत्तर कसं यायचं?"

मिस्त्रीनं सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक पुडी काढली. आत चांदीची अंगठी, वर तपकिरी अकीकाचा खडा. उस्तादांच्या बोटातली.

"इंजिन चालू असताना कुणाचं बोलणं ऐकू येतंय? उस्ताद ह्या अंगठीनं डॅशच्या पत्र्यावर ठोका द्यायचा. एक ठोका, खोल. दोन ठोके, बंद कर. तीन ठोके, आवळ. पयल्यांदा आठ वरसं तो बॉनेटमधी आन् मी आत, चिंचोका घेऊन ठोकायचो. मग त्याचे डोळे गेले, तवा आमी जागा बदलल्या. ठोके तेच."

मी अंगठीकडं बघत म्हणलं, "दत्तूला दोन ऐकू येतात."

"दोनपर्यंतच आले होते त्या दिवशी. खोल म्हणला, बंद कर म्हणला. तिसरा, म्हणजे तीन ठोके, आला की मी तारेचा इस्क्रू आवळणार. तो आला न्हाई. म्हणून आवळला न्हाई. तसाच ढिला हाय."

मी हिशोब जुळवला. इस्क्रू ढिला, म्हणून गाडी हादरली की तार सरकते, दांडी उघडते, आणि तारेची नळी पत्र्यावर आपटून वाजते. मला एकदम हलकं वाटलं. "म्हणजे भूत न्हाई. इस्क्रू ढिला हाय."

"इस्क्रू ढिला हाय," मिस्त्री म्हणला. भूत न्हाई असं काही तो म्हणला नाही.

"मग आवळा की. एक मिनिटाचं काम."

"न विचारता?" त्यानं असं विचारलं की मला माझीच लाज वाटली. मग अंगठी माझ्यापुढं धरली. "चाचीनं दिली. माझ्या बोटात जात न्हाई. तुझी बोटं बारीक हायत त्याच्यावानी. रविवारी दुपारी येशील का? आवाज काढायचा न्हाई. नुसतं बसायचं."

रविवारी मामाला सांगितलं, पोट दुखतंय. अंगठी सैल होत होती, मिस्त्रीनं तिला खालून दोरा गुंडाळला. मला उस्तादांच्या जागी, ड्रायव्हरशेजारी बसवलं. काचा वर केल्या. माझा डावा तळहात जाळीपुढं धरला आणि समजावलं.

"वारं हातावर बघायचं. कॉक बंद झाला तरी आतलं पाणी गरम असतंय, ते निवायला वेळ लागतोय. हात गार लागला की मगच तिसरा ठोका. घाई करू नको. माझ्यावर दया करून बी ठोकू नको. उगंच ठोकलास तर दत्तू शिजंल आन् उस्ताद खोटा पडंल."

इंजिन सुरू झालं. बॉनेट उघडं असल्यानं पुढचं काही दिसत नव्हतं, नुसता हिरवा पत्रा. त्या पत्र्यापलीकडून आवाज आला, "उस्ताद, खोलू का?"

मी ठोकलं. टक.

उकळतं वारं तळहातावर आलं. बाहेर वैशाख, आत हीटर. घामानं डोळे झाकायला लागले. शेजारचं ड्रायव्हरचं शीट रिकामं होतं आणि मी मुद्दाम तिकडं बघत नव्हतो.

"उस्ताद, बंद करू का?"

टक. टक.

आणि मग ती जागा आली, जिथं पाच महिन्यांपूर्वी सगळं थांबलं होतं. मिस्त्रीनं काही विचारलं नाही. वारं गरम होतं. मी मोजायला लागलो, मग मोजायचं विसरलो. वारं तसंच. मनात आलं, कॉक बसलाच नसंल तर? मग हा माणूस जन्मभर इथं उभा राहील का? हात वर गेला, खाली आणला. नाही म्हणला होता तो, दया करून नको. वारं कोमट झालं. कोमटच राहिलं. मग कोमट पण राहिलं नाही. पंखा फिरत होता आणि बोटांच्या मधून नुसतं वारं जात होतं. मी अंगठीचा हात उचलला.

टक. टक. टक.

आता खरं सांगतो. पहिले दोन मी मारले. तिसऱ्याच्या वेळी अंगठी बोटात फिरली होती, खडा आतल्या बाजूला गेला होता, माझं हाड पत्र्यावर लागलं ते मला कळलं. पण वाजला तो खडा. लख्ख वाजला. तो मी कसा वाजवला ते मला आजही सांगता येत नाही.

पलीकडं इस्क्रू आवळल्याचा आवाज आला. एक पिळा, दोन, आणि शेवटचा दमानं.

मिस्त्री येऊन ड्रायव्हरच्या शिटावर बसला. दार ओढून घेतलं. इंजिन चालूच. त्यानं आपला काळा, चिरलेला तळहात जाळीपुढं धरला आणि तसाच धरून ठेवला.

"त्या दिवशी तिसरा येईना," तो म्हणला, "मला वाटलं, वारं गरमच असंल, कॉक नीट बसला नसंल. परत खोलला. परत बंद केला. परत खोलला. तरी न्हाई. मग मी वरडलो. झोपला का म्हाताऱ्या, म्हणलो. पस्तीस वरसांत उस्तादाला कवा तसं बोललो न्हवतो."

मी अंगठीचा दोरा बोटानं फिरवत बसलो.

"कॉक उघडाच ठेवून मागं आलो. तो असाच बसला होता, तुझ्या जागी. हात हितं जाळीपुढं. मी हात धरला तर गरम. चांगला गरम. तोंड बघून कळलं होतं रे मला. पर हात गरम असल्यावर कसं म्हणायचं? म्हणून बसलो. हीटर चालू हाय तवर हात गरम. बंद केला असता तर..." त्यानं पुढचं सांगितलं नाही. "पेट्रोल संपलं. त्याला मी काय करणार."

पौषातली ती सकाळ मला काउंटरवरून दिसली तशी परत दिसली. काचेमागं दोघं शेजारी शेजारी. आणि इकडं मी हसवत होतो.

मिस्त्रीनं तळहात जाळीवर दाबला. 

"गार पडला," तो म्हणला. घरातल्या माणसांना जसं हळू सांगतात, तसं. आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

सोमवारी परभणीचा मिस्त्री आला आणि चहा पिऊन गेला. दत्तूची गाडी आता थंड असते. दांडी हलत नाही, डॅश वाजत नाही. पंधरा दिवसांनी दत्तू आमच्या दुकानात आला, उगाच दोन वायसर घेतले आणि रेंगाळत उभा राहिला. "सुध्या, आता गाडीत लय एकटं वाटायलंय रे," म्हणला आणि गेला.

अंगठी मी परत द्यायला गेलो होतो. मिस्त्री म्हणला, "ठेव. माझ्या बोटात जात न्हाई." म्हणून ती माझ्याकडंच आहे. उस्तादांचा आवाज मी आता काढत नाही. गिऱ्हाइकं मागतात, मी हेडमास्तर देतो.

मला वाटलं होतं, मिस्त्रीचं ते विचारणं आता सुटंल. सुटलं नाही. अंगठी द्यायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पंचायत समितीची जीप आली, बॉनेट उघडलं, खाकी चड्डी बाहेर, टाचा बाहेर.

"उस्ताद, खोलू का?"

तो थांबला. कान देऊन. रस्त्यानं एक एसटी गेली, तिच्यामागं धूळ. मी काउंटरच्या पत्र्यावर अंगठी एकदा ठोकली. टक.

"काय वाजवायलास?" मामानं वहीतून डोकं वर न काढता विचारलं.

"काय न्हाई."

रस्ता एवढा रुंद, त्यात इंजिन चालू. तिकडं ऐकू गेलं का नाही ते मला माहीत नाही. पण बॉनेटमधून "बरं" आलं, आणि पान्हा फिरला.